टेक अप द मँटल (इंग्रजी वाक्प्रचार)

एखाद्या थोर पूर्वसुरीच्या पश्चात त्याचे कार्य आणि त्याचा मान आपल्या अंगावर घेणे, या अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार. 'मँटल' म्हणजे खांद्यांवरून पांघरायचा सैल, बिनबाह्यांचा झगा. हा शब्द मूळचा लॅटिन. पेट्रोमॅक्सच्या बत्तीत बांधायचे मँटल म्हणजे हाच शब्द. पृथ्वीचे कवच आणि गाभा यांच्या मधल्या थराचे इंग्रजी नावही मँटल. मराठीत त्याला 'प्रावरण' म्हणतात, आणि प्रावरण हेही मुळात पांघरायचे वस्त्रच.

वाक्प्रचाराचे मूळ बायबलच्या जुन्या करारात, 'राजे' या ग्रंथांत आहे. अलीशा शेतात नांगरत होता. बैलांच्या बारा जोड्या चालल्या होत्या आणि बाराव्या जोडीमागे तो स्वतः होता. वाटेने जाणाऱ्या एलीया या संदेष्ट्याने आपला झगा त्याच्या अंगावर टाकला. अलीशाने बैलांची जोडी कापली, औताच्या लाकडांवर मांस शिजवून लोकांना जेवू घातले आणि तो एलीयाच्या मागे निघाला. पुढे एलीया वावटळीतून स्वर्गात गेला, तेव्हा त्याचा झगा खाली पडला. अलीशाने तो उचलला, यार्देन नदीच्या पाण्यावर मारला आणि पाणी दुभंगले. थोड्याच वेळापूर्वी एलीयाने त्याच झग्याने तीच नदी दुभंगवली होती. पलीकडे उभ्या असलेल्या संदेष्ट्यांच्या शिष्यांनी हे पाहिले आणि मगच अलीशापुढे डोके टेकले. १६११ च्या किंग जेम्स बायबलात या प्रसंगी 'टुक अप' आणि 'मँटल' हे दोन्ही शब्द येतात.

वाक्प्रचाराची सगळी छटा या कथेत आहे. झगा आधी दुसऱ्या कोणाचा तरी असावा लागतो, आणि तो उचलणाऱ्याला पाण्यावर मारून दाखवावा लागतो. म्हणून पद मिळणे वेगळे आणि मँटल मिळणे वेगळे. १९९६ मध्ये सचिन तेंडुलकर अझरुद्दीननंतर भारताचा कर्णधार झाला. ते झाले पद. पण त्याच्या संदर्भात मँटल म्हणायचे तर ते सुनील गावसकरांचे. गावसकर १९८७ मध्ये कसोटीतून निवृत्त झाले, तेंडुलकर १९८९ मध्ये आला. मधे कोणत्याही निवड समितीने ते कोणाला बहाल केले नव्हते.

या शब्दाबरोबर येणारी क्रियापदे बोलकी आहेत. मँटल 'पडते', 'उचलले' जाते, 'सोपवले' जाते. राजकारणात मात्र त्यावर बहुधा 'हक्क सांगितला' जातो. २०२२ मध्ये ब्रिटनच्या हुजूर पक्षाचा नेता निवडताना लिझ ट्रस आणि ऋषी सुनक दोघेही मार्गारेट थॅचर यांचा वारसा सांगत होते. सुनक यांनी थॅचर यांच्या जन्मगावी, ग्रँथमला, भाषण केले. ट्रस यांच्या गळ्याशी बो असलेल्या ब्लाउजची थॅचर यांच्या पोशाखाशी तुलना झाली, म्हणजे गोष्ट पुन्हा वस्त्रावरच आली.

'टेक द हेल्म' (सुकाणू धरणे) आणि 'टेक द रेन्स' (लगाम हाती घेणे) हे जवळचे वाक्प्रचार. त्यांत कारभार हातात येतो, पण आधीचा माणूस थोर असलाच पाहिजे असे नाही. एखाद्या कंपनीत नेहमीची बदली होऊन नवा व्यवस्थापक आला, तर तेथे मँटल वापरणे भपकेबाज वाटते. व्यावसायिक इंग्रजीत तसे सर्रास लिहिले जाते, ही गोष्ट निराळी.

मराठी वृत्तपत्रे या सगळ्यांसाठी 'धुरा' वापरतात. संस्कृत 'धुर्' म्हणजे जू किंवा गाडीची दांडी. 'धुरीण' आणि 'धुरंधर' हे शब्दही त्यावरूनच आले. मराठी नेता जुवाखाली मान देतो, तर अलीशाने अंगावर झगा पडल्यावर औत जाळले होते. धुरेत ओझे आहे, पूर्वसुरी नाही. 'गादी' या शब्दात पूर्वसुरी आहे, पण ती घराण्यात किंवा मठात परंपरेने मिळते, तिच्यासाठी नदी दुभंगावी लागत नाही. त्यामुळे 'गावसकरांचे मँटल' मराठीत आणताना 'गावसकरांची धुरा' खटकते आणि 'गादी'ने अर्थ थोडा बदलतो. 'वारसा पेलणे' त्यातल्या त्यात जवळचे, कारण वारसा मिळाला तरी तो पेलेलच असे नाही.