सायलोटम

(शास्त्रीय नाव : सायलोटम न्यूडम, कुल : सायलोटेसी). मुळे व खरी पाने नसलेली वाहिनीवंत अपुष्प वनस्पती. हल्ली तिचा समावेश नेच्यांमध्ये करतात. उष्ण व उपोष्ण प्रदेशांत तिचा प्रसार मोठा असला, तरी बहुतेक ठिकाणी ती तुरळकच आढळते. भारतात सातपुड्यातील पचमढी (मध्य प्रदेश) येथील वालुकाश्माच्या ओलसर कपारी हे तिचे सर्वपरिचित स्थान होय. सिडनी परिसरातही ती वालुकाश्माच्या फटींत उगवते. अन्यत्र झाडांच्या खोडांवरही वाढते.

ओळख : साधारण 10–50 सेंमी. उंचीच्या हिरव्या काड्यांचा झुबका दिसतो. वंध्य काड्या गवतात सहज हरवतात, म्हणून फांद्यांकडे पाहावे : प्रत्येक फांदी पुन्हापुन्हा दोहोंत विभागते आणि वरच्या फांद्या तीनधारी असतात. पानांच्या जागी शिराहीन, सूक्ष्म शल्के (खवले) असतात. दुभंगलेल्या शल्काच्या बगलेत तीन कप्प्यांचा, 2–3 मिमी. रुंदीचा, पक्व झाल्यावर पिवळा होणारा संयुक्त बीजुककोश (प्रजोत्पादक सूक्ष्म बीजुकांची पिशवी) दिसला की शंका उरत नाही. एक्विसीटम या दुसऱ्या अपुष्प वनस्पतीच्या खोडावर सांधे व दातेरी आवरणे असतात. येथे ती नसतात. सायलोटम कॉम्प्लॅनेटम या जातीच्या फांद्या चपट्या व लोंबत्या असतात.

वर्गीकरण : लिनीअसने 1753 मध्ये ही जाती लायकोपोडियम या अपुष्प वनस्पतींच्या प्रजातीत (जातींच्या गटात) घातली; पुढे स्वार्ट्झने सायलोटम ही स्वतंत्र प्रजाती केली. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथील जीवाश्मांचे वर्णन किडस्टन व लँग यांनी 1917 पासून प्रसिद्ध केले. त्यांतील ऱ्हायनियालाही मुळे व पाने नव्हती आणि तिचे खोड दोहोंत विभागत जाई. या साम्यावरून सायलोटम ही आद्य भूवनस्पतींची जिवंत वंशज ठरविली गेली व पाठ्यपुस्तकांत ते मत दीर्घकाळ टिकले. तथापि, सुमारे 40 कोटी वर्षांचे हे अंतर जोडणारे निर्विवाद जीवाश्म उपलब्ध नाहीत. वनस्पतिशास्त्रज्ञ बीअरहोर्स्ट यांनी शरीररचनेच्या आधारे तिचे नाते नेच्यांशी जोडले. त्यावर बरीच टीका झाली. पुढे डीएनए अनुक्रमांवरील अभ्यासांनी, विशेषतः प्रायर व सहकाऱ्यांच्या 2001 मधील मांडणीने, तिला नेच्यांच्या शाखेत ऑफिओग्लॉसेसी कुलाशेजारी बसविले. दोन्ही कुलांतील गंतुकधारी (जननपेशी निर्माण करणारी पिढी) सामान्यतः भूमिगत, रंगहीन व कवकावर अवलंबून असतात, ही बाब या मताला पूरक आहे. त्यामुळे सायलोटमचा साधेपणा आद्य नसून ऱ्हासातून आला, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

संरक्षण : वनस्पतिशास्त्राच्या अभ्याससहली पचमढीला जातात. मूलक्षोडाचे (जमिनीखालील खोडाचे) पोषण सहजीवी कवकावर अवलंबून असल्याने उपटलेला झुबका कुंडीत जगेलच असे नाही. ओळखीसाठी दहापट भिंग व बीजुककोशाचे छायाचित्र पुरते. नमुना उपटू नये.