झेब्रा क्रॉसिंग

झेब्रा क्रॉसिंग : पायी चालणाऱ्यांनी रस्ता कुठून ओलांडायचा ते दाखवायला डांबरावर मारलेले जाड पांढरे पट्टे. सरकारी पाट्यांवर काहीही लिहिलेलं असो, बोलताना सगळे झेब्रा क्रॉसिंग किंवा नुसतं झेब्राच म्हणतात. पट्टे गाड्यांच्या दिशेने लांब असतात आणि माणूस त्यांना आडवा जातो, शाळेतल्या पोरांना चित्र काढायला सांगितलं तर निम्मी पोरं हे उलटं काढतात. पट्ट्याची रुंदी साधारण ५० सेंमी, मधली मोकळी जागाही तेवढीच.

या प्रकाराचं मूळ सांगताना बरीच पुस्तकं थेट पाँपेईला जातात. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या या रोमन शहरात रस्त्यात मध्येमध्ये उंच दगड रोवलेले सापडले, दोन्ही बाजूच्या फुटपाथइतकेच उंच, आणि दगडांमध्ये फटी अशा ठेवलेल्या की बैलगाडीची किंवा रथाची चाकं त्यातून पार व्हावीत. दिसायला पट्टे दिसतात म्हणून ‘जगातलं पहिलं झेब्रा क्रॉसिंग’ असं लिहायची पद्धत पडलीये. पण ते दगड मुख्यतः पाय कोरडे राहावेत म्हणून होते, रस्त्यावरून पाणी आणि घाण वाहायची. आधी कोणी जायचं हा प्रश्न त्यांच्यात दिसत नाही. त्यामुळे पूर्वज म्हणायचंच असेल तर पाँपेईचे दगड आजच्या उंचावलेल्या ‘टेबलटॉप’ क्रॉसिंगचे पूर्वज म्हणावेत, पट्ट्यांचे नव्हे, असं मानणं जास्त बरं.

आधुनिक गोष्ट लंडनपासून सुरू होते. डिसेंबर १८६८ मध्ये पार्लमेंटजवळ जे. पी. नाइट या रेल्वे इंजिनिअरच्या कल्पनेतून गॅसच्या दिव्यांचा सिग्नल उभारला गेला, चालणाऱ्यांना रस्ता ओलांडता यावा हा त्यामागचा एक हेतू होता, पण महिनाभरातच गॅसचा स्फोट होऊन पोलीस जखमी झाला आणि प्रकरण तिथेच थंडावलं. पुढची मोठी पायरी १९३४ ची. लेस्ली होर-बेलिशा नावाचे वाहतूक मंत्री होते, त्यांच्या काळात काळ्या-पांढऱ्या खांबावर नारिंगी गोळा अशी खूण लावायला सुरुवात झाली, तिला अजूनही बेलिशा बीकनच म्हणतात. रस्त्यावर मात्र तेव्हा पट्टे नव्हते, धातूच्या गोल खिळ्यांच्या दोन रांगा असायच्या. पायी चालणाऱ्याला त्या दिसायच्या, पण गाडीतून लांबून, कमी कोनातून, त्यात पाऊस असला की काहीच दिसायचं नाही. म्हणजे ज्याला दिसायला हवं त्यालाच दिसत नव्हतं. हीच अडचण सोडवायचं काम दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीकडे आलं.

आता नावाचा वाद. सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट अशी की १९४८ च्या सुमारास जेम्स कॅलहन हे वाहतूक खात्याचे संसदीय सचिव असताना लॅबोरेटरीत गेले, काळे-पांढरे पट्टे बघून ‘हे तर झेब्र्यासारखं दिसतंय’ असं काहीसं म्हणाले आणि नाव चिकटलं. दुसरीकडे या संशोधनात असलेल्या जॉर्ज चार्ल्सवर्थ यांना ‘डॉक्टर झेब्रा’ म्हटलं जायचं, म्हणून काही जण श्रेय लॅबोरेटरीतल्याच मंडळींना देतात. कॅलहन यांची गोष्ट खोटी आहे असं म्हणायला आधार नाही, पण तिच्यात दोन गोष्टी खटकतात. एक तर खुद्द कॅलहन यांनी हा दावा ठामपणे केला नाही असंच सांगतात, आणि ते पुढे १९७६ ते १९७९ पंतप्रधान होते, मोठ्या माणसाच्या नावावर अशा गोष्टी आपोआप जमा होतात (आपल्याकडे अर्ध्या विहिरी पांडवांनी खोदल्यात तसंच). दुसरं म्हणजे १९४९ मध्ये देशभरात साधारण हजार ठिकाणी चाचण्या झाल्या तेव्हा फक्त काळे-पांढरे नाही तर निळे-पिवळे, लाल-पांढरे असेही पट्टे मारून बघितले होते. निळ्या-पिवळ्याला झेब्रा कोण म्हणणार? त्यामुळे शब्द कोणाच्याही तोंडून आधी निघाला असला तरी तो रुळला असेल तो काळे-पांढरे पट्टे सरस ठरल्यावरच, हे जास्त पटण्यासारखं आहे. १९५१ मध्ये नियम होऊन पट्ट्यांना कायद्याचं पाठबळ मिळालं, आणि पहिलं अधिकृत झेब्रा क्रॉसिंग ३१ ऑक्टोबर १९५१ ला स्लाऊ इथे सुरू झालं असं सर्वसाधारणपणे धरतात.

एकदा प्राण्याचं नाव चालून गेलं म्हटल्यावर ब्रिटिशांनी अख्खं प्राणिसंग्रहालयच उघडलं. १९६२ ला पांडा आलं, त्याचे त्रिकोण आणि लुकलुकणारे दिवे लोकांना कळलेच नाहीत, गेलं. १९६९ ला पेलिकन, म्हणजे पेडेस्ट्रियन लाइट कंट्रोल्ड या शब्दांची ओढूनताणून केलेली जुळणी. मग पफिन, मग टूकन (सायकल आणि पायी असे ‘टू कॅन’ क्रॉस, हा विनोद सरकारी आहे), आणि घोडेस्वारांसाठी पेगॅसस. लंडनच्या अॅबी रोडवरचं झेब्रा, जिथे १९६९ मध्ये बीटल्सचा फोटो निघाला, २०१० मध्ये वारसा यादीत गेलं.

पट्टे मारल्याने माणूस खरंच सुरक्षित होतो का, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. अमेरिकेत सॅन डिएगो शहरात ब्रूस हर्म्स यांनी सिग्नल नसलेल्या ४०० चौकांचा अभ्यास केला, तो १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच चौकात एका बाजूला पट्टे आणि दुसऱ्या बाजूला नाहीत अशी तुलना होती, आणि वापराच्या प्रमाणात पट्टे असलेल्या ठिकाणी पायी चालणाऱ्यांचे अपघात जवळपास दुप्पट निघाले. याचा अर्थ लोकांनी असा काढला की पट्टे बघून माणूस गाफील होतो, आणि पुढची कित्येक वर्षं पट्टे न मारायला ही सबब पालिका-अभियंत्यांच्या खिशात तयार राहिली. नंतर चार्ल्स झेगीर आणि सहकाऱ्यांनी ३० शहरांतल्या १००० पट्टेवाल्या आणि १००० बिनपट्ट्याच्या जागा घेऊन जो अभ्यास केला त्यात चित्र वेगळं दिसलं. दोन लेनच्या रस्त्यावर पट्टे असण्या-नसण्याने फारसा फरक नाही. फरक पडतो तो अनेक लेनच्या, दिवसाला सुमारे १२ हजारांहून जास्त गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर, तिथे नुसते पट्टे मारून सोडून दिलं तर धोका वाढतो. दुसऱ्या अभ्यासाची मांडणी जास्त विश्वासार्ह वाटते, कारण तो दोष माणसाच्या स्वभावावर ढकलत नाही, रस्त्याच्या रुंदीकडे आणि वेगाकडे बोट दाखवतो.

अनेक लेनवर नेमकं काय होतं ते कुठल्याही मोठ्या रस्त्यावर पाच मिनिटं उभं राहिलं तर दिसतं. डावीकडच्या लेनमधली बस थांबते, ड्रायव्हर खिडकीतून हात करतो ‘जा’, बाई पिशवी सावरत बसच्या तोंडासमोरून निघते, आणि बसच्या उजव्या अंगाने बाईक येते, बाईकवाल्याला बसमुळे बाई दिसत नाही आणि बाईला बाईक. थांबलेली गाडीच आडोसा होते. यावरचे उपाय सगळे पट्ट्यांच्या बाहेरचे आहेत, म्हणजे स्टॉप लाइन बरीच मागे घ्यायची, मधे थांबायला बेट द्यायचं, लेन कमी करायच्या, किंवा क्रॉसिंगच फुटपाथच्या उंचीला आणायचं म्हणजे गाडीला चढ चढावा लागतो आणि वेग आपोआप उतरतो. टेबलटॉप म्हणतात ते हेच. त्यात व्हीलचेअर, बाबागाडी, काठी घेतलेले आजोबा यांना खाली उतरून परत वर चढावं लागत नाही, हा फायदा वेगळाच.

भारतात पट्ट्यांची मापं इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ३५ मध्ये आणि पायी चालणाऱ्यांच्या सोयी आयआरसी १०३ मध्ये दिल्यात. मोटार वाहनांच्या २०१७ च्या ड्रायव्हिंग नियमांप्रमाणे सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगवर गाडीवाल्याने वेग कमी करून, थांबून चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, आणि पुढे गाड्या तुंबलेल्या असतील तर पट्ट्यांवर जाऊन उभं राहायचं नसतं. प्रत्यक्षात आपल्याकडे पट्ट्यांची जागा हाताने घेतलीये. तळहात गाड्यांकडे, बोटं किंचित पसरलेली, नजर पहिल्या गाडीच्या चाकावर, आणि एकेक लेन सुटी सुटी पार करायची, हे पुण्या-मुंबईत वाढलेल्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही, परदेशातून आलेल्याला मात्र आठवडा लागतो. केंद्राच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी.

सिग्नलवाल्या झेब्रावर हिरवा माणूस किती सेकंद ठेवायचा हा आणखी एक तांत्रिक मुद्दा. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरायची जुनी रीत आहे, अमेरिकेने २००९ मध्ये तो साधारण १.०७ वर आणला. फरक किरकोळ वाटतो पण हिशोब करून बघा, १५ मीटरचा रस्ता १.२ ने साडेबारा सेकंदात संपतो, गुडघे दुखणारी आजी ०.८ ने चालली तर तिला जवळपास एकोणीस सेकंद लागतात, म्हणजे दिवा लाल होतो तेव्हा ती अजून पाच मीटर रस्त्यातच. दिव्यातल्या आकृतीबद्दल सांगायचं तर २०२० मध्ये मुंबईत दादर भागातल्या सिग्नलवर पुरुषाऐवजी फ्रॉक घातलेली बाई आली, त्याची चर्चा भरपूर झाली, सेकंदांची तेवढी होत नाही.

त्रिमितीय म्हणजे थ्रीडी पट्टे, ज्यात ठोकळे हवेत तरंगल्यासारखे दिसतात, २०१६ च्या आसपास अहमदाबादमुळे गाजले आणि मग बऱ्याच शहरांत रंगवले गेले. रोजच्या गाडीवाल्याला ती नजरबंदी लवकरच कळते, त्यामुळे टिकाऊ उपाय म्हणून त्याकडे बघणं अवघड आहे. बोलिव्हियातल्या ला पाझमध्ये २००१ पासून झेब्र्याचा वेष घातलेली तरुण मुलं क्रॉसिंगवर उभी राहून गाड्या अडवतात, तो प्रयोग जास्त टिकला.

पट्टे मारायला हल्ली थर्मोप्लास्टिक वापरतात, ते साधारण २०० अंशापर्यंत तापवून पातळ करतात, रस्त्यावर ओढतात आणि ओलं असतानाच वरून काचेचे बारीक मणी टाकतात म्हणजे रात्री हेडलाइट पडला की चमकतं. साध्या रंगापेक्षा हे बरंच टिकतं. पट्टे चाकांच्या वाटा सोडून मधल्या जागेत बसवले तर आणखी टिकतात, आणि पावसात रंगावरून स्कूटर घसरायची भीतीही कमी होते. पण रस्ता खोदला की सगळं मुसळ केरात. आमच्या चौकात मे महिन्यात ताजे सात पट्टे मारले होते, जूनच्या आधी केबलवाल्यांनी चर खणला आणि वरून खडी-डांबर टाकून बुजवला, आता पहिले तीन पट्टे आहेत, मग हातभर काळी पट्टी, मग दोन, आणि शेवटचे दोन जिथे होते तिथे डीपीचा बॉक्स आलाय.