पाळीपाळीने सांभाळलेली मुलं

पालकांनीच एकत्र येऊन पाळणाघर चालवायचं, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१६ साली शिकागो विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या बारा पत्नींनी अशी बालशाळा काढली. काही आयांनी मुलांजवळ थांबायचं, बाकीच्यांना तेवढे तास मोकळे.

या कल्पनेला खरं बळ आलं ते न्यूझीलंडमध्ये. १९४१ साली नवरे युद्धावर गेलेले आणि बायका लहान मुलांसह घरात एकट्या पडलेल्या. वेलिंग्टनच्या कारोरी भागात त्यांनी पहिलं ‘प्लेसेंटर’ सुरू केलं. आईला थोडी उसंत मिळावी आणि मुलाला सवंगडी, एवढाच सुरुवातीचा हेतू. पण पाळीवर आलेल्या आईला नुसती मुलं राखून भागेना. माती, पाणी, रंग यांत रमलेलं मूल नेमकं काय करतंय, हे तिला समजून घ्यावंसं वाटू लागलं आणि आयांचे अभ्यासवर्ग सुरू झाले. १९४८ साली या केंद्रांचा महासंघ झाला. त्याच्या पहिल्या अध्यक्ष ग्वेन सॉमरसेट प्रौढशिक्षणाच्या कामातून आलेल्या होत्या, हा मला योगायोग वाटत नाही. मुलाबरोबर आईबापांनीही शिकायचं, हा प्लेसेंटरचा गाभा तिथूनच घडला, आणि या साऱ्या इतिहासात मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो.

ब्रिटनमध्ये कारण वेगळं होतं. १९६० च्या सरकारी परिपत्रकाने बालशाळांची वाढ रोखली. बेल टुटाएव्ह या लंडनमधल्या आईने आपल्या लहान मुलीसाठी शेजारणींबरोबर एक गट काढला आणि ऑगस्ट १९६१ मध्ये ‘गार्डियन’ला पत्र लिहून इतर आयांनाही तसं करायला सुचवलं. पुढच्याच वर्षी अशा गटांची देशव्यापी संघटना उभी राहिली. सरकार जागं होईपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून मांडलेला हा डाव चर्चच्या आणि गावांच्या सभागृहांत वर्षानुवर्षं चालला.

१९६८ च्या सुमारास पश्चिम बर्लिनमध्ये रिकामी पडलेली दुकानं भाड्याने घेऊन पालकांनी ‘किंडरलाडन’, म्हणजे मुलांची दुकानं, या नावाची पाळणाघरं काढली. तिथे विद्यार्थी चळवळीतल्या बायकांचा पुढाकार होता आणि मुलांना धाकात वाढवायचं नाही, हा आग्रह. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी असलेल्या माओरी कुटुंबांनी तर १९८२ पासून ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेची घरटी, उभारली. नातवंडांच्या पिढीत आपली भाषा मरू नये म्हणून आजी-आजोबाच मुलांशी माओरीत बोलायला बसले. कारभार कुटुंबांच्याच हाती राहिला.

या सगळ्याचा खर्च पैशांत कमी दिसायचा, कारण आयांच्या वेळेची किंमत कुणी धरतच नव्हतं. बायका मोठ्या संख्येने नोकरीला लागल्या तशी सकाळच्या पाळीला माणसं मिळेनाशी झाली. अनेक गटांनी पगारी शिक्षिका नेमल्या आणि पालकांकडे समितीचं काम उरलं. काही बंदच पडले.