पहिलं घर छोटंच घ्या, नंतर विकून मोठं घेता येतं, खरंच?

हे वाक्य इतक्या वर्षांपासून फिरतंय की लोकांना नियमच वाटतो. छोट्या स्टुडिओची, म्हणजे एकाच खोलीत झोपणं-बसणं-किचन असलेल्या फ्लॅटची, एकूण किंमत कमी असते हे खरंय, पण चौरस फुटाचा दर काढून बघा, बरेचदा तो मोठ्या फ्लॅटपेक्षा जास्त निघतो, कारण किचन, बाथरूम, प्लंबिंगचा खर्च घर लहान झालं म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाही.

आणि "नंतर विकू" म्हणणाऱ्यांनी जरा हिशोब करावा. 9 टक्क्यांनी 20 वर्षांचं लोन घेतलं तर 5 वर्षं हप्ते भरून मुद्दलातले जेमतेम 11 टक्के फिटतात, बाकी सगळं व्याज, वर विकताना ब्रोकरेज, नवीन घेताना परत स्टॅम्प ड्युटी. गिऱ्हाईकही मोजकंच, एकटा राहणारा नाहीतर भाड्याने देणारा, आणि मुलं असलेलं कुटुंब तर बघायलाही येत नाही. काही बँका तर अगदी लहान युनिटला लोन द्यायलाच कुरकुर करतात.

एकटे असाल, त्याच भागात 8-10 वर्षं राहायचं पक्कं असेल तर बिनधास्त घ्या. फक्त सॅम्पल फ्लॅटला भुलू नका, तिथला बेड मुद्दाम लहान बनवलेला असू शकतो, टेप घेऊन जा आणि कपाटाचं दार पूर्ण उघडतंय का तेही बघा.