पाटील, पण कुठले? एकाच नावाच्या माणसांची कोल्हापुरी पार्श्वभूमी

कोल्हापुरात राजाराम कॉलेज आहे आणि राजारामपुरीही आहे. नवखा माणूस दोन्ही राजाराम एकच धरून चालतो. कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते राजाराम महाराज युरोपच्या दौऱ्यावरून परतताना १८७० मध्ये फ्लॉरेन्सला वारले. राजारामपुरी ज्यांच्या नावाची, ते राजर्षी शाहूंचे चिरंजीव. १९२२ ते १९४० ते गादीवर होते. या दोघांच्याही आधीचे राजाराम म्हणजे ताराराणींचे पती. ते १७०० मध्येच सिंहगडावर गेले. शाहूंचंही तसंच. साताऱ्याचे थोरले शाहू १७४९ मध्ये वारले, राजर्षींचा काळ १८७४ ते १९२२, आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत कोल्हापुरातून निवडून आले तेही शाहू छत्रपतीच. राजघराण्यात नाव पुन्हा आलं की इतिहासकार त्यामागे 'पहिले', 'दुसरे' लावून मोकळे होतात. शेतकऱ्याच्या घरातही नावं अशीच फिरून येतात, पण तिथं आकडा लावायला कोण बसलंय?

सातबारा, मतदार यादी, भविष्य निर्वाह निधीचं खातं, न्यायालयातले दावे हे सगळं आता मोबाइलवर दिसतं. नाव टाकलं की माणूस सापडतो, निदान सापडल्यासारखा वाटतो. कोल्हापुरासारख्या जिल्ह्यात मात्र एका नावाला पाच-पाच माणसं निघतात. कुणाचं कर्ज कुणाच्या नावावर दिसतं, कुणाची नोकरी कुणाच्या खात्यात जाते. याला 'संगणकाचा घोळ' म्हणायची पद्धत पडली आहे. घोळ संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे.

पहिलं कारण घरातलंच. आजोबांचं नाव नातवाला ठेवायचं, ही इकडची जुनी रीत. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं लिहितो. आता उदाहरणापुरतं एक घर घ्या. आजोबा गणपती बापू, त्यांचा मुलगा बापू गणपती आणि नातू पुन्हा गणपती बापू. आजोबा आणि नातू यांचं पूर्ण नाव अक्षरशः एक झालं. गाव तेच, घर तेच, गट नंबरही तोच. आजोबा वारल्यावर वारसाची नोंद लागायला दहा-वीस वर्षं गेली, तर मधल्या काळात सातबाऱ्यावरचा गणपती बापू कोणता, हे कागद सांगू शकत नाही. नातू उताऱ्यावर आपलं नाव बघून निर्धास्त राहतो आणि पुढं कधीतरी चुलत्यांच्या वकिलाकडून त्याला समजतं की ते नाव त्याचं नव्हतंच.

दुसरं कारण आडनावाचं. पाटील हे मुळात कुळाचं नाव नव्हे, गावच्या कामाचं नाव. मराठा, जैन, लिंगायत अशा कितीतरी घरांत ते आलं, कारण पाटीलकी ज्याच्याकडे तो पाटील. शासनाने महसुली पाटलाचं पदच १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कायद्याने बंद केलं. आडनाव राहिलं ते राहिलंच. देसाई, खोत, नाईक यांचंही तेच. कामावरून पडलेलं आडनाव माणसाचं काम सांगतं, घराणं सांगत नाही. एका गल्लीत एकमेकांशी सुतराम संबंध नसलेली चार पाटील घराणी राहतात, त्याचं कारण हेच.

गावात याची अडचण कुणाला झाली नाही, कारण गाव नुसत्या नावाने माणसाला ओळखतच नव्हतं. थोरला आणि धाकला, वरच्या आळीचा आणि मळ्यातला, अमक्या भावकीचा. शहरात पेठ आणि तालीम. गंगावेशीतला पैलवान वेगळा आणि मोतीबागेतला वेगळा, मग नाव एक असो की आणखी काही. नोंद लिहिणाराही गावचाच असायचा. कुलकर्ण्याला दप्तरात काय लिहिलंय यापेक्षा ते कुणाबद्दल लिहिलंय हे जास्त पाठ असे. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये संस्थानातली कुलकर्णी वतनं बंद करून पगारी तलाठी नेमायला सुरुवात केली. वतनदाराच्या हातात गावाची मान होती, ती सुटायला हवीच होती. त्या निर्णयाबद्दल हळहळ वाटायचं कारण नाही. पण पगारी माणूस बदलून जातो. त्याच्या डोक्यातली माहिती त्याच्याबरोबर जाते आणि पुढच्याला फक्त कागद मिळतो. तेव्हापासून माणसाची ओळख कागदावरच नीट लिहिलेली असणं गरजेचं झालं.

जुन्या मोडी कागदांत ही सोय थोडीफार होती. 'तुकाराम बिन राणू' म्हणजे राणूचा मुलगा तुकाराम. बाईच्या नावापुढे 'कोम' लिहून नवऱ्याचं नाव यायचं, पुढे सातबाऱ्यावर त्याचा 'भ्र.' झाला, म्हणजे भ्रतार. एकत्र कुटुंबाच्या वतीने थोरल्या भावाचं नाव लागलं असेल तर त्यापुढे 'ए.कु.मॅ.' असं लिहीत, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. अल्पवयीन मुलाच्या नावाशी 'अ.पा.क.' आणि पालनकर्त्याचं नाव. ही दोन-तीन अक्षरं दिसायला किरकोळ, पण जमीन कुणाची आणि नाव कुणाचं, हे त्यांच्यावर ठरतं. नकलाकाराने हाताने नवा उतारा लिहिताना 'ए.कु.मॅ.' गाळलं की कुटुंबाची जमीन कागदावर एकट्या थोरल्याची होते. असे दावे कोर्टात पिढ्यान् पिढ्या चालले आहेत. तलाठी कार्यालयातला जाणता माणूस म्हणूनच सातबारा बघून थांबत नाही. जुने फेरफार काढायला लावतो. सातबारा नाव सांगतो. ते नाव कुठल्या वर्षी, कुणाच्या मागून, खरेदीने की वारसाने आलं, हे फेरफार सांगतो.

शाळेचा दाखला हा दुसरा मोठा आधार. कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं आणि ज्यांच्या घरात कधी कुणाचं नाव कागदावर चढलं नव्हतं अशी पोरं शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आली. पण जन्मतारीख? आई सांगायची, पंचमीच्या आसपास, किंवा त्या मोठ्या पुरानंतर. मास्तर प्रवेशाच्या वयाचा हिशोब मांडायचे आणि लिहायचे १ जून. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो तो असा. त्यात गंमत आहे तेवढीच गोचीही आहे. नाव जुळत असेल तर जन्मतारखेने माणूस वेगळा काढता येतो, असं सगळी कार्यालयं धरून चालतात. एका गावच्या, एका वयाच्या, एका नावाच्या दोघांची तारीखही १ जून असली तर ती चाळणी कामाची राहत नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधीच्या नोंदी पोलीस पाटील, कोतवाल बुक, गाव नमुना १४ अशा ठिकाणी मिळतात, आणि कितीतरी नोंदींत बाळाचं नावच नसतं. 'अमक्यास मुलगा' एवढंच.

माणसाने आयुष्यभर काय काम केलं याच्या नोंदीत हा घोळ सगळ्यात जास्त महागात पडतो. कलावंतांचं त्यातल्या त्यात बरं. कोल्हापूरच्या सिनेसृष्टीत बाबूराव मिस्त्री नावाचे गृहस्थ 'पेंटर' झाले आणि काम हीच त्यांची ओळख ठरली. त्यांच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेले बाबूराव पेंढारकर आणि प्रभातच्या वितरणाशी जोडलेले बाबूराव पै हे आणखी दोन बाबूराव. तिघांचा काळ एकमेकांत मिसळलेला, तरी त्या वेळच्या लोकांचा गोंधळ झाला नाही, कारण कुणी नुसतं 'बाबूराव' म्हणून थांबत नसे. गोंधळ होतो तो आता, जुन्या जाहिरातीत फक्त 'बाबूराव' छापलेलं असतं आणि लिहिणारा त्यातला आपल्याला हवा तो निवडतो तेव्हा.

कामगाराला अशी पदवी कुठली मिळायला? शाहू मिलची स्थापना १९०६ ची आणि ती बंद पडली २००३ मध्ये. गिरणीत माणूस ओळखला जायचा तो तिकीट नंबराने. मस्टरवर नाव असायचं, पण हाक नंबराची. ही पद्धत रुक्ष वाटते खरी, मात्र एका खात्यात एका नावाचे तिघे असले तरी पगार चुकत नसे. गिरणी बंद झाली की नंबराला अर्थ उरत नाही. उरतं ते नाव. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत तर आणखी वेगळं. मोल्डर आज या शेडमध्ये, दोन वर्षांनी दुसरीकडे, मधे सहा महिने ठेकेदाराच्या हाताखाली. दर ठिकाणी भविष्य निर्वाह निधीचं नवं खातं. एकाच माणसाची चार खाती आणि चारही ठिकाणी नाव वेगळ्या पद्धतीने लिहिलेलं.

इथं कोल्हापूरची एक खास भर आहे. आपल्याकडे बाळासाहेबाचं बाळासो होतं, अण्णासाहेबाचं अण्णासो, आप्पासाहेबाचं आप्पासो. शाळेत दत्तात्रय, घरी बाळासो, कारखान्याच्या हजेरीत बाळासाहेब आणि आधारवर कॅम्पातल्या पोराने ऐकून टाकलेलं काहीतरी चौथंच. पोवारचं पवार होणं तर नित्याचं. म्हणजे दोन्ही बाजूंनी कोंडी. एका नावाची अनेक माणसं आणि एका माणसाची अनेक नावं.

२०१४ मध्ये यूएएन आला, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणारा एकच क्रमांक. चांगली सोय होती. पण जुनी खाती त्या क्रमांकाला जोडायची कशी? नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख जुळवून. जुन्या पत्रकांत जन्मतारीख धड नव्हतीच, असली तर १ जून. म्हणून एकाची नोकरी दुसऱ्याच्या इतिहासात जाऊन बसली, किंवा एकाच महिन्यात एक माणूस दोन कारखान्यांत कामाला दिसू लागला. निवृत्तिवेतनाला किमान दहा वर्षांची नोकरी लागते. नऊवर अडकलेल्या माणसाला उरलेले महिने कुठं गेले ते शोधत फिरावं लागतं, आणि तोवर जुना कारखाना बंद होऊन मालकाची पुढची पिढी दुसऱ्याच धंद्यात गेलेली असते. नंबर आला की नावाचा प्रश्न सुटतो, हा समज म्हणून मला पटत नाही. नंबर माणसाला पहिल्यांदा चिकटवतात तो नावावरूनच. तिथं चुकलं तर नंबर ती चूक पक्की करतो. साखर कारखान्यात सभासदाचा कोड एकदा बरोबर बसला की ऊसबिल वर्षानुवर्षं बरोबर जातं आणि एकदा चुकीचा बसला की तेवढ्याच निष्ठेनं चुकीच्या घरी जातं.

निवडणुकीतलं नामसाधर्म्य सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर फार वेळ घालवत नाही. रायगडमध्ये २०१४ ला सुनील तटकरे २,११० मतांनी पडले आणि त्याच नावाच्या एका अपक्षाला नऊ हजारांवर मतं गेली. पुढच्या वर्षापासून आयोगाने मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो आणला. त्याआधीपासूनच नियमात अशी तरतूद होती की दोन उमेदवारांचं नाव एक असेल तर त्यांचा धंदा किंवा राहण्याचं ठिकाण जोडून फरक दाखवावा. म्हणजे आयोगही शेवटी 'पेंटर' आणि 'गंगावेशीतला' यांच्यावरच येऊन थांबला होता! २०२५ अखेरच्या स्थानिक निवडणुकांत संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारे आले. दुबार म्हणजे एकच माणूस दोनदा. पण नुसत्या नावावरून यादी चाळली की खरोखर दोन वेगळी असलेली माणसंही त्यात सापडतात, आणि मग मी तो नव्हे हे सिद्ध करायचं काम त्यांच्यावर येतं.

बायकांच्या नोंदींचा प्रश्न उलटा. लग्नात नाव बदललं, वडिलांच्या जागी नवरा आला, आडनाव गेलं. शाळेच्या दाखल्यावरची मुलगी आणि रेशनकार्डावरची सून एकच आहे हे सांगणारा कागद बहुतेक घरांत नसतो. २००५ च्या हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क पक्का झाला, तेव्हा ही अडचण उघडी पडली. वारस फेरफारात माहेरचं नाव लागलेलं, आधार सासरच्या नावाचं. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नावबदलाची जाहिरात, पोलीस पाटलाचा दाखला.

सध्या शेतकरी ओळख क्रमांकाच्या निमित्ताने हे सगळं पुन्हा वर आलं आहे. सातबाऱ्यावरचं मराठी नाव आणि आधारवरचं नाव यांची जुळणी यंत्र करतं. बाळासो आणि बाळासाहेब वेगळे दिसतात, गणपती बापू आजोबा आणि गणपती बापू नातू मात्र शंभर टक्के जुळतात. दुरुस्तीची वाट जुनीच आहे. लेखनप्रमाद असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज, सोबत जुना फेरफार आणि शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. दाखल्यापेक्षा रजिस्टरचा उतारा बरा, कारण दाखला ही नक्कल आहे. वारसाच लागला नसेल तर आधी तो लावून घ्यायचा, नाव दुरुस्ती त्यानंतर.

या सगळ्यात एक बदल मुळावर घाव घालणारा आहे. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाने सरकारी कागदांवर नावाचा क्रम ठरवून दिला: स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आजोबांची आई आणि नातवाची आई यांचं नाव एकच निघण्याची शक्यता फार कमी, त्यामुळे गणपती बापू आणि गणपती बापू कागदावर वेगळे होतील. या क्रमाने नाव लागलेलं पहिलं मूल सातबाऱ्यावर वारस म्हणून यायला अजून बराच काळ आहे. तोवर तलाठ्याच्या टेबलावर 'पाटील, पण कुठले?' हाच पहिला प्रश्न राहणार.