वजनकाटा आणि लेकरू

"आंगानं भरली, मंग लेकरू कसं राहीन?" लग्नाला चार-पाच वर्षं झालेल्या सुनेबद्दल आपल्या वऱ्हाडात हे सहज बोललं जातं. त्याच गावात कापूस वेचायला जाणारी काटकुळी बाई दोन-दोन महिने पाळी येत नाही म्हणून मनात कुढत असते. तिच्या वजनाचा विचार कोणी करत नाही. शरीराच्या हिशेबात मात्र दोघींची अडचण एकच असू शकते. स्त्रीबीज वेळेवर सुटत नाही.

चरबीला आपण निव्वळ साठा समजतो. खरं तर ती हार्मोन तयार करते. त्यातलं लेप्टिन मेंदूला कळवत राहतं, की कणगीत दाणे आहेत. चरबी फारच घटली की हा निरोप क्षीण होतो, मेंदू अंडाशयाला इशारे देणं कमी करतो आणि पाळी लांबते. पोटावरची चरबी वाढली तर वेगळंच बिघडतं. इन्सुलिनला शरीर दाद देत नाही, म्हणून ते जास्त तयार होतं, आणि हे जादा इन्सुलिन अंडाशयात पुरुषी हार्मोन वाढवतं. बीज अर्धवट वाढून अडकतं. पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार, असलेल्या अनेकींचं हेच होतं. वजन ५ ते १० टक्क्यांनी उतरलं, तरी त्यातल्या बऱ्याच जणींची पाळी रुळावर येते. ७० किलोच्या बाईसाठी हे साडेतीन ते सात किलो झाले; सडपातळ व्हायची गरज नाही.

आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं, हे नेहमीचं चित्र. म्हणून भारतीयांसाठी बीएमआयची (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या आकड्याची) रेषा खाली धरतात: २३ च्या पुढे जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा. दीड मीटर उंचीच्या बाईला ही २५ ची रेषा साधारण ५६ किलोवरच लागते. १८.५ च्या खालची, म्हणजे साडेएकेचाळीस किलोच्या आतली, कमी वजनाची.

टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात लठ्ठ स्त्रियांना इंजेक्शनांचा डोस सहसा जास्त लागतो, गर्भपाताचा धोका वाढतो, मूल हाती येण्याचं प्रमाण थोडं घटतं. मग आधी वजन उतरवून घेतलं तर? स्वीडन, डेन्मार्क आणि आइसलँडमध्ये ३० ते ३५ बीएमआयच्या स्त्रियांवर हे करून पाहिलं. निष्कर्ष २०१७ मध्ये आले. कडक आहाराच्या गटाचं वजन सरासरी साडेनऊ किलो उतरलं, तरी मूल जन्मण्याचं प्रमाण २९.६ टक्के, थेट उपचार घेतलेल्यांत २७.५. म्हणण्यासारखा फरक नाही. मात्र उपचाराविना, आपोआप दिवस राहण्याचं प्रमाण वजन उतरवलेल्यांत जास्त निघालं.

मला यातून एवढं दिसतं, की पाळी अनियमित असलेल्या तरुण बाईने काही महिने वजनावर घालवले तर ते वाया जात नाहीत. अडतिशीच्या बाईला "आधी पंधरा किलो कमी करा, मग या" म्हणून नागपूर-अमरावतीहून परत पाठवणं मात्र महागात पडू शकतं, कारण वयासोबत बीजं घटतात आणि ती परत येत नाहीत.

नवऱ्याचं काय? पोट सुटलं की त्याचंही टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, घटतं, शुक्राणूंवर परिणाम होतो. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, त्यात भर घालतो. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणजे आज सोडलेल्या खर्र्याचा हिशेब पुढच्या हंगामात दिसतो. वीर्यतपासणी सोपी आणि त्यामानाने स्वस्त असते. ती पहिल्याच फेरीत करून घ्यावी, बायकोला काट्यावर उभं करतानाच.