उभं करून वळवायचं, की बसल्या बसल्या सरकवायचं?

आमच्या सासऱ्यांना पक्षाघात झाला आणि ते घरी आले तेव्हा पहिले काही दिवस आमच्याकडे एकच शब्द चालायचा: उचलणं. "बाबांना खुर्चीत उचलून ठेवायचंय, कोणीतरी या रे." शेजारच्या वाड्यावरचा एक दांडगा पोरगा यायचा, बाबांच्या दोन्ही बगलांत हात घालायचा आणि भाताचं पोतं हलवावं तसं त्यांना चाकाच्या खुर्चीत ठेवून जायचा. पोरगा फार मायाळू. पण चौथ्या-पाचव्या दिवसापासून बाबा डावा खांदा धरून कण्हायला लागले. डावी बाजूच लुळी पडली होती. तिथे आधीच काही कळत नसेल असं आम्ही गृहीत धरलेलं, आणि दुखत होतं नेमकं तिथेच.

फिजिओथेरपिस्ट बाई घरी आल्या, त्यांनी खांदा चाचपला आणि आधी आम्हालाच झापलं. लुळ्या बाजूला खांद्याचा सांधा जागेवर धरून ठेवणारे स्नायू सैल पडलेले असतात. बगलेतून वर ओढलं की हाताचं हाड खोबणीतून खाली उतरू लागतं. "उचला म्हणून कोणी सांगितलं तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "एक तर उभं करून वळवायचं, नाहीतर फळीवरून सरकवायचं. दोन्हीत उचलणं नाही."

लांबून पाहिलं तर हे दोन्ही प्रकार एकसारखे दिसतात. पलंगाला खुर्ची लावलेली, माणूस काठावर बसलेला, समोर कोणीतरी वाकलेलं. म्हणून लोक एकातलं दुसऱ्यात मिसळतात. आम्हीही मिसळलं आणि आपटलो, ते पुढे येईल.

फरक मला नीट समजला तो आमच्या ओळखीच्या एका पाडेल्यामुळे, म्हणजे माडावर चढून नारळ काढणाऱ्यामुळे. नारळ काढताना माडावरून पडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. बाबांच्या शरीराची वाटणी उभी झालेली: उजवा हात-पाय शाबूत, डावा हात-पाय गेलेला. पाडेल्याची वाटणी आडवी: कमरेवर पहिलवान, खाली काही नाही. बाबांकडे भार घेणारा एक पाय आहे, म्हणून त्यांना क्षणभर का होईना उभं करता येतं. पाडेल्याकडे एकही पाय नाही, पण आयुष्यभर माड चढलेले दोन हात आहेत, म्हणून तो सरकतो. कुठली पद्धत घ्यायची ते इथेच ठरतं. मदत करणाऱ्याच्या दंडात किती जोर आहे, याचा त्याच्याशी संबंध नाही.

उभं करून वळवणं

यासाठी तीन गोष्टी लागतात. एका पायाने तरी भार घेतला पाहिजे, काठावर आधाराशिवाय थोडा वेळ बसता आलं पाहिजे, आणि "आता उठा" म्हटलेलं समजलं पाहिजे. तिसरी गोष्ट लोक विसरतात. ज्याला सांगितलेलं उमगत नाही तो भलत्याच क्षणी बसतो किंवा हात सोडतो.

खुर्ची चांगल्या बाजूला. बाबा काठावर बसले की ती त्यांच्या उजव्या हाताला, पलंगाशी तीस ते पंचेचाळीस अंशांत तिरकी. दोन्ही ब्रेक लावलेले, पाय ठेवायच्या पट्ट्या दुमडून बाजूला. पट्टीत पाऊल अडकून माणूस पुढे कोलमडतो. आता एक कोडं: परत पलंगावर जाताना काय? खुर्ची तशीच राहिली तर पलंग बाबांच्या डाव्या हाताला येतो, म्हणजे लुळ्या बाजूला. त्यासाठी खुर्ची फिरवून पलंगाच्या दुसऱ्या टोकाशी न्यावी लागते. आमच्या जुन्या घरातल्या अरुंद खोलीत याच कारणाने शिसवी कपाट बाहेर चौकात गेलं, आणि सासूबाई आठवडाभर माझ्याशी मोजकंच बोलत होत्या.

पलंगाची उंचीही बघावी लागते. आमचा जुना पलंग इतका उंच की बाबांचे पाय लोंबकळायचे. पावलं जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत आणि कंबर गुडघ्यांपेक्षा किंचित वर हवी. सुताराकडून पलंगाचे पाय कापून घेतले. चाकाच्या साध्या खुर्चीची बैठक जमिनीपासून पन्नास सेंटिमीटरच्या आसपास असते, ते माप त्याला दिलं.

उठवताना बहुतेक लोक जे करतात ती फुगडी. समोर उभं राहायचं, दोन्ही हात धरायचे आणि आपण मागे रेलून ओढायचं. चवथीला अंगणात हे शोभतं. इथे लुळ्या हाताला हिसका बसतो आणि माणूस मागेच रेलून राहतो, कारण ओढलं की आपण सगळेच मागे रेलतो. इथे नेमकं उलट हवं. आधी ढुंगण काठाकडे सरकवायचं, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यायची, आणि मग इतकं पुढे वाकायचं की नाक पायाच्या बोटांवर येईल. बाबांना हे पटेना, पुढे वाकलं की पडणार असंच त्यांना वाटायचं. "राव गे, राव," म्हणजे थांब गं, थांब, म्हणत ते मागे झुकायचे. मग मी समोर स्टुलावर बसून वर्तमानपत्र जमिनीजवळ धरलं आणि मथळा वाचायला सांगितला. वाचायला वाकले, आणि बूड आपोआप हलकं झालं. उठण्याची युक्ती तेवढीच आहे.

माझे दोन्ही गुडघे त्यांच्या डाव्या गुडघ्याला बाहेरून टेकू देतात, म्हणजे तो मुडपत नाही. हात बगलेत घालायचे नाहीत. कमरेला कपड्यांवरून बांधलेल्या रुंद पट्ट्याला धरायचं, खालून बोटं घालून. पट्टा किती आवळायचा, तर आत दोन बोटं जातील इतका. पोटाची नवी शस्त्रक्रिया, पोटात घातलेली नळी किंवा मोडलेली बरगडी असेल तर पट्टा बांधायच्या आधी डॉक्टरांना विचारावं. आणि पट्टा म्हणजे पिशवीचा बंद नव्हे. त्याने माणूस वर खेचायचा नसतो, तोल गेला तर सावरायचा असतो. बाबांनी माझ्या गळ्यात हात टाकायचा नाही हेही ठरलेलं. भार मानेवर आला की दोघंही जातो.

एक, दोन, तीन, आणि ते उठतात. उभे राहिल्यावर मी घाई करत नाही. मी कंबर पिळत नाही, पावलं टाकत वळते. ते छोट्या छोट्या पावलांनी वळतात, उजवा हात खुर्चीच्या पलीकडच्या हाताकडे जातो, आणि पोटऱ्यांना बैठकीची कड लागली की मगच बसतात. कड लागायच्या आधी बसणं हा त्यांचा जुना खोडसाळपणा आहे.

फळीवरून सरकवणं

पाडेल्याच्या घरी फळी पाहिली तेव्हा मला गोव्यातली रायबंदर-चोडण फेरीबोट आठवली. बोट धक्क्याला लागते, पुढचा रॅम्प खाली येतो, तो धक्क्यावर नीट बसला की स्कूटर निघतात. भरती-ओहोटीप्रमाणे रॅम्पचा उतार बदलतो. फळीचंही तसंच. पलंग आणि खुर्ची एका उंचीवर असावीत, किंवा जिकडे जायचं ती बाजू किंचित खाली. चढावर सरकणं पाडेल्यालाही जड जातं.

ही फळी गुळगुळीत, साधारण साठ ते पंचाहत्तर सेंटिमीटर लांब, दोन्ही टोकांना निमुळती. पलंगाशी खुर्ची जवळजवळ समांतर लावतात. इथे पहिला मोठा फरक येतो: पलंगाकडचा खुर्चीचा हात काढावाच लागतो. बाबांच्या पद्धतीत तो असला तरी चालतो, इथे तो भिंतीसारखा आडवा येतो. पाडेला विरुद्ध बाजूला कलतो, एक कुल्ला उचलला जातो, फळीचा तिसरा हिस्सा त्याखाली जातो. दुसरं टोक बैठकीवर, चाकाच्या पुढून. चाकावर टेकवलं तर फळी डुगडुगते.

मग तो एक हात फळीवर, एक पलीकडे ठेवून स्वतःला जरासं उचलतो आणि बोटभर सरकतो. पुन्हा उचल, पुन्हा बोटभर. पाच-सहा वेळा. बोटं फळीच्या कडेखाली वळवायची नाहीत, चेंगरतात. डोकं जिकडे जातं त्याच्या उलट कंबर जाते, म्हणून खुर्ची उजवीकडे असेल तर डोकं डावीकडे पुढे झुकवायचं. पहिल्यांदा हे उलटंच वाटतं. तो म्हणाला, माडावर आम्ही हेच करतो, हात एकीकडे आणि बूड दुसरीकडे. मी माडावर कधी चढले नाही, त्याचं खरं मानलं.

त्याच्या बायकोचं काम पुढे उभं राहून तोल बघण्याचं आणि पावलं पुढे ठेवत नेण्याचं. ओढायचं तिने नाहीच, कारण ओढलं की कातडी फळीवर घासते. कमरेखाली संवेदना नसल्याने त्याला घासलेलं कळत नाही आणि दोन दिवसांनी तिथे शय्याव्रण दिसतं. म्हणून उघड्या अंगाने फळीवर कधी बसायचं नाही. मागे खिसे असलेली पँट नको, जाड शिवण नको. आषाढात आपल्याकडे कपडे वाळत नाहीत आणि अंग घामाने चिकट असतं, तेव्हा फळीवर उशीचा सुती अभ्रा घालतात. लुंगी मात्र नको, ती फळीखाली अडकते.

आम्ही आपटलो ते

पाडेल्याचं सरकणं इतकं सफाईदार होतं की आम्हाला वाटलं, बाबांनाही हेच सोपं पडेल. फळी मागून आणली. बाबांना फळीवर बसवलं आणि "सरका" म्हटलं. उजव्या हाताने त्यांनी जोर लावला, डावा हात पाठीमागे फरफटत राहिला, आणि धड डावीकडे कलंडायला लागलं. मी घाबरून पट्ट्याला धरून त्यांना उभं करायला गेले. म्हणजे सरकवणं अर्ध्यावर सोडून उभं करणं सुरू केलं. पायाखाली जागा नाही, मध्ये फळी, समोर मी. फळी निसटली.

बरं इतकंच की बाईंनी पडण्याचंही शिकवलं होतं. पडणाऱ्याला हवेत तोलून धरायला जायचं नाही, अंगाला धरून, आपला गुडघा वाकवत, हळूहळू जमिनीवर उतरू द्यायचं. बाबा फरशीवर बसले, मीही बसले. कुठे दुखतंय का ते विचारलं, आणि शेजाऱ्यांना हाक मारून दोन माणसं आल्याशिवाय त्यांना हलवलं नाही.

एका हाताच्या माणसाला फळी चालतच नाही असं नाही, पण धड सावरता येत नसेल तर ती घसरगुंडी होते. पाडेल्याला पट्ट्याने उभं करायला गेलं तर तेही तितकंच वाईट, साठ किलोचा सगळा भार बायकोच्या पाठीवर. अमेरिकेतल्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेने रुग्ण हाताने उचलण्यासाठी पस्तीस पौंडांची, म्हणजे साधारण 16 किलोंची मर्यादा सुचवली आहे. स्वयंपाकाचा भरलेला सिलिंडर याच्या जवळजवळ दुप्पट भरतो.

ज्यांना यातलं काहीच जमत नाही, पायही नाहीत आणि हातही नाहीत, त्यांच्यासाठी झोळीची पेशंट लिफ्ट असते. तिथे जिद्द दाखवण्यात अर्थ नाही.

आज कोणता दिवस आहे

बाबांसाठी रोज सकाळी तपासणी होते. आडवा माणूस एकदम उठला की रक्तदाब उतरतो. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने घसरला तर डॉक्टर ते गंभीरपणे घेतात. म्हणून काठावर एक-दोन मिनिटं बसवून चेहरा बघायचा, घाम येतोय का, बोलतात का. मग लघवीची पिशवी आधी खुर्चीला अडकवायची, मूत्राशयाच्या खालीच, आणि नळीला ताण नाही ना ते पाहायचं. एकदा मी ती पलंगालाच विसरले होते, त्याबद्दल मी अजून त्यांच्या डोळ्यांत बघू शकत नाही.

पायात मागे पट्टा असलेल्या, न घसरणाऱ्या चपला. मोजे नकोत. पावसाळ्यात आमची लाल कोब्याची जमीन घामेजते, आणि ब्रेक लागलेली खुर्चीसुद्धा चाकांसकट घसरते. तेव्हा खुर्ची मागे भिंतीला टेकेल अशी लावतो. पुढची छोटी चाकंही आधी खुर्ची थोडी मागे ओढून पुढे तोंड करून घेतो, म्हणजे खुर्ची पुढे कलंडत नाही.

संध्याकाळी बाबांचा पाय थरथरतो. सकाळी सहज उभे राहणारे बाबा सहा वाजता उभे राहत नाहीत. अशा वेळी चहा पलंगावरच.

पाडेल्याने पहिली खुर्ची घेतली ती हात घट्ट जोडलेली. दुकानदाराने सांगितलं की सगळ्या सारख्याच असतात, आणि यानेही फळीचं काही सांगितलं नाही. घरी आणल्यावर कळलं की हात निघतच नाही. परत घ्यायला दुकान तयार नव्हतं. ती खुर्ची आता आमच्याकडे आहे. बाबा रोज उजवा हात लांब करून तिच्या त्याच न निघणाऱ्या हाताला धरतात.